देशोदेशीची माध्यमे कोणत्या खणात घालायची?

तौलनिक माध्यम-अभ्यासावर वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : आम्हाला एम.ए.ला ‘वृत्तपत्रांचे चार सिद्धांत’ शिकवले. लघुप्रबंधात पाच देशांची तुलना करायची आहे. मार्गदर्शक म्हणतात, ते चार सिद्धांत सोडा, हॅलिन-मॅन्सिनी वापरा. दोन्हींत नेमका फरक काय? — विद्यार्थिनी, नाशिक

मार्गदर्शकांचे बरोबर आहे, मात्र ‘जुने झाले’ एवढे कारण पुरेसे नाही. सीबर्ट, पीटरसन आणि श्रॅम यांची १९५६ची चौकट (अधिकारवादी, उदारमतवादी, सामाजिक जबाबदारीची आणि सोव्हिएत साम्यवादी) वृत्तपत्रांनी काय करावे याविषयीचे तत्त्वज्ञान सांगते. तिच्यात मोजण्यासारखे काही नाही. स्वीडन आणि इटली दोन्ही तिच्यात ‘सामाजिक जबाबदारी’च्या आसपास बसतात आणि तुलना सुरू होण्याआधीच संपते. खरे तर या दोन देशांची वृत्तपत्रे, त्यांचे वाचक आणि सरकारशी असलेले नाते यांत फार मोठे अंतर आहे.

डॅनियल हॅलिन आणि पाओलो मॅन्सिनी यांनी २००४ मध्ये प्रश्नच बदलला : माध्यमे जशी आहेत तशी का झाली? त्यासाठी पश्चिम युरोप आणि उत्तर अमेरिकेतले १८ देश घेऊन त्यांनी चार परिमाणे लावली. वृत्तपत्रांची बाजारपेठ किती पसरली, माध्यमे आणि पक्ष किती समांतर चालतात (राजकीय समांतरता), पत्रकारितेची व्यावसायिकता किती आणि शासनाचा हात कुठे व किती. यातून तीन प्रारूपे निघाली. भूमध्य किंवा ध्रुवीकृत बहुलवादी प्रारूपात फ्रान्स, इटली, स्पेन, पोर्तुगाल, ग्रीस. उत्तर-मध्य युरोपीय किंवा लोकशाही सहकारवादी प्रारूपात स्कँडिनेव्हियाचे देश, फिनलंड, जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, नेदरलँड्स, बेल्जियम. आणि उदारमतवादी प्रारूपात ब्रिटन, आयर्लंड, अमेरिका, कॅनडा.

ही तिन्ही आदर्श प्रारूपे आहेत, म्हणजे कोणताही देश त्यांत तंतोतंत बसत नाही. फ्रान्स आणि ब्रिटन तर सीमेवरचेच, हे लेखकांनीही लपवलेले नाही. म्हणून तुमच्या पाच देशांसाठी प्रारूपांची नावे बाजूला ठेवा आणि उभ्या रकान्यांत चार परिमाणे, आडव्या ओळींत पाच देश असा तक्ता करा. पाच देशांचे संख्याशास्त्रीय गट पाडायच्या भानगडीत पडू नका. एवढ्या थोड्या देशांत ‘गट’ म्हणजे जोड्याच. त्यापेक्षा तीन परिमाणांवर सारखे पण चौथ्यावर वेगळे असे दोन देश मुद्दाम निवडले, तर प्रबंधाला काहीतरी सांगता येईल.

प्रश्न : राजकीय समांतरता आकड्यात कशी आणायची? मालक कोणत्या पक्षाचा हे पाहून गुण दिले तर चालेल का? — संशोधक, छत्रपती संभाजीनगर

नुसता मालक पाहून भागणार नाही. समांतरता पाच ठिकाणी दिसते : मजकुरात, संस्थात्मक संबंधांत (पक्ष, संघटना, धर्मसंस्था), पत्रकारांच्या राजकारणातल्या ये-जा करण्यात, वाचकांच्या पक्षनिष्ठेत आणि पत्रकार स्वतःचे काम काय समजतात यात. यांपैकी किमान दोन ठिकाणे मोजा. दोन्ही आकडे एकाच दिशेने गेले तरच पुढचे बोला.

वाचकांवरून मोजायचे असल्यास सर्वेक्षणात ‘नेहमी कोणता पेपर वाचता’ आणि ‘मत कोणाला दिले’ हे दोन प्रश्न हवेत. युरोपात डाव्या-उजव्या कलाची ० ते १० अशी पट्टी वापरतात. प्रत्येक पेपरच्या वाचकांची सरासरी काढून पेपरांमधले अंतर पाहतात. आपल्याकडे ती पट्टी लोकांना परकी वाटते, म्हणून पेपर आणि पक्ष यांचा थेट तक्ता करून क्रेमरचा व्ही (दोहोंचा संबंध किती घट्ट हे सांगणारा ० ते १ मधला आकडा) काढावा. प्रत्येक पेपरचे वाचक पुरेसे हवेत. नमुन्यात एखाद्या पेपरचे ५० वाचक असतील, तर ‘निम्मे अमुक पक्षाचे’ या विधानात १४ टक्क्यांपर्यंत इकडे-तिकडे होऊ शकते. १०० असतील तर सुमारे १०, ४०० असतील तर ५. लहान पेपर म्हणूनच फार ‘पक्षनिष्ठ’ दिसतात. तो निष्कर्ष पुष्कळदा फक्त नमुन्याच्या लहानपणाचा असतो.

मजकुरावरून मोजायचे असेल तर सलग आठवडा घेऊ नका. वर्षभरातून एक सोमवार, एक मंगळवार असे चिठ्ठी टाकून सात वार निवडा आणि असे दोन ‘बांधलेले’ आठवडे घ्या. एका दैनिकाच्या वर्षासाठी एवढे सहसा पुरते. बातमी आणि अग्रलेख वेगळे नोंदवा. दोन नोंदणीकारांनी निदान १० टक्के मजकूर स्वतंत्रपणे तपासावा. क्रिपेनडॉर्फचा अल्फा (नोंदणीकारांच्या एकमताचे माप) ०.८०च्या वर हवा, ०.६७ ते ०.८० मध्ये असेल तर निष्कर्ष ‘तात्पुरता’ म्हणूनच लिहा.

आता खरी अडचण. ज्याची सत्ता त्याची बाजू घेणे ही समांतरता नव्हे, ते अवलंबित्व आहे. एका वेळच्या मजकुरात दोन्ही सारखेच दिसतात. सत्तांतराच्या आधीचा आणि नंतरचा मजकूर मोजला तरच फरक उघडा पडतो. महाराष्ट्रासाठी नोव्हेंबर २०१९ आणि जून २०२२ अशा दोन कडा आयत्याच मिळतात. दोन्ही कडांवर ज्याचा सूर सत्तेबरोबर वळला त्याला समांतरतेचे गुण देऊ नका; त्याच्यासाठी वेगळा रकाना करा.

मुखपत्रे मोजताना वाचकसंख्येचा भार लावायला विसरू नका. ‘सामना’ किंवा केरळातले मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे ‘देशाभिमानी’ यांना मोठ्या खपाच्या दैनिकांइतकेच वजन दिले की सगळी व्यवस्था आहे त्याहून पक्षीय दिसू लागते. शिवाय २०२२ नंतरच्या सर्वेक्षणात ‘शिवसेना’ असा एकच पर्याय ठेवला असेल, तर वाचक आणि पक्ष यांचा तक्ता निरुपयोगी आहे. ‘सामना’ ठाकरे गटाकडे राहिला. नाव आणि चिन्ह निवडणूक आयोगाने फेब्रुवारी २०२३ मध्ये शिंदे गटाला दिले.

प्रश्न : २० देश, ६ निर्देशक घेऊन क्लस्टर विश्लेषण (सारख्या देशांचे गट पाडणे) केले. एक देश काढला की गट बदलतात. परीक्षकांना काय सांगू? — प्राध्यापक, कोल्हापूर

परीक्षकांनी विचारण्याआधी तुम्हीच ते प्रबंधात लिहा. गट बदलतात याची कारणे तीन-चारच असतात आणि ती क्रमाने तपासता येतात.

पहिले कारण मोजपट्टी. निर्देशक ० ते १ मध्ये आणताना सहसा ‘सर्वांत कमी’ला ० आणि ‘सर्वांत जास्त’ला १ धरतात. हॅलिन-मॅन्सिनी यांच्या १८ देशांत २००० सालचा दर हजार प्रौढांमागचा खप नॉर्वेत सुमारे ७२०, फिनलंडमध्ये ५४५, ब्रिटनमध्ये ४०९ आणि ग्रीसमध्ये ७८ होता. ब्रिटनचा गुण : ४०९ वजा ७८ म्हणजे ३३१, भागिले ७२० वजा ७८ म्हणजे ६४२; उत्तर ०.५२. आता नॉर्वे काढा. कमाल ५४५ होते, छेद ४६७ होतो आणि ब्रिटनचा गुण ०.७१ वर जातो. ब्रिटनमध्ये एक पेपरही जास्त विकला गेलेला नाही! झेड-गुण (आकडा सरासरीपासून किती प्रमाण विचलने दूर आहे) वापरले तरी दुखणे तेच, फक्त सौम्य; सरासरी आणि प्रमाण विचलन हे देशांच्या यादीवरच अवलंबून असतात. नॉर्वेसारख्या टोकाच्या देशासाठी आकड्याचा लॉगरिदम घेऊन पाहा, किंवा मोजपट्टीची टोके यादीबाहेरच्या कारणाने ठरवून ती पक्की करा.

दुसरे कारण दडलेले वजन. सहापैकी तीन निर्देशक वृत्तपत्र-बाजारपेठेचेच असतील (खप, पोहोच, स्त्री-पुरुष वाचकांतले अंतर), तर अर्धे मत त्या एका परिमाणाचे झाले. आधी परिमाणवार सरासरी काढून एक निर्देशांक करा, मग गट पाडा. क्रॉनबाखचा अल्फा (हे निर्देशक एकच गोष्ट मोजतात का याचे माप) ०.७च्या खाली आला, तर ती सरासरी काढणेच चुकीचे असू शकते. ‘शासनाची भूमिका’ हे त्याचे ठळक उदाहरण. ब्रुगेमान आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये हे परिमाण फोडून सार्वजनिक प्रसारण, मालकीवरचे नियमन आणि वृत्तपत्र-अनुदान असे तीन केले. कॅनडाची आकडेवारी अपुरी म्हणून वगळून १७ देशांवर हिशेब केला, तेव्हा तीनऐवजी चार गट पडले आणि ब्रिटन अमेरिकेला सोडून जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड यांच्यात जाऊन बसला. यात नवल नाही : बीबीसीसारखी भक्कम सार्वजनिक सेवा अमेरिकेत नाही, जर्मनीत आहे. पोर्तुगालही दक्षिणेच्या गटातून सुटला. ‘शासन’ हा एकच रकाना ठेवला असता तर एका बाजूची वजाबाकी दुसऱ्या बाजूच्या बेरजेने झाकली गेली असती.

तिसरे कारण रिकामे कप्पे. २० देश गुणिले ६ म्हणजे १२० कप्पे. त्यांत सरासरी भरून काढलेले किती, ते मोजा. सरासरी भरली की झेड-गुण शून्य होतो आणि तो देश आपोआप मधल्या गटाकडे ओढला जातो. अशा देशात तीन-चार कप्पे रिकामे असतील तर त्याला वगळणेच बरे.

मग पद्धत. आधी एकल-जोड पद्धतीने (सर्वांत जवळचे देश आधी जोडत जाणारी) गटजोडणीचा आलेख काढा. अगदी शेवटी एकटे जोडले जाणारे देश हे टोकाचे. त्यानंतर वॉर्ड पद्धत (गटांतर्गत फरक कमीत कमी ठेवून जोडणारी), वर्गित युक्लिडीय अंतरासह. वॉर्ड सारख्या आकाराचे गट पाडायला बघते, हे लक्षात असू द्या. मिळालेली गटसंख्या के-मीन्सने (गटांची संख्या आधी ठरवून देश वाटणारी पद्धत) पुन्हा तपासा. शेवटी एकेक देश काढून २० वेळा विश्लेषण चालवा. २० देशांच्या १९० जोड्या होतात आणि प्रत्येक जोडी १८ फेऱ्यांत हजर असते. त्या १८ पैकी किती वेळा ती एका गटात आली, तो तक्ता परिशिष्टात द्या. १६-१७ वेळा एकत्र आलेले देश हा गटाचा गाभा. ९-१० वेळा आलेले सीमेवरचे. परीक्षकांपुढे रंगीत नकाशापेक्षा हा तक्ता अधिक टिकतो. नकाशात सीमेवरचा देशही गाभ्यातल्या देशाइतकाच गडद रंगतो, म्हणून आम्हाला ते नकाशे फारसे आवडत नाहीत.

प्रश्न : क्लस्टरऐवजी क्यूसीए (गुणात्मक तौलनिक विश्लेषण) वापरावे का? — वाचक, मुंबई

प्रश्न ‘कोणता देश कोणासारखा’ असा असेल तर क्लस्टर. ‘कोणता देश ठरवलेल्या प्रारूपात किती बसतो’ असा असेल तर क्यूसीएमधली चार्ल्स रेगिन यांची फझी-सेट पद्धत (सदस्यत्व ० ते १ मध्ये मोजणारी) बरी, कारण तिच्यात मोजपट्टी यादीवर अवलंबून राहत नाही, तुम्ही ठरवता. प्रत्येक निर्देशकासाठी तीन खुणा लागतात : पूर्ण आत, पूर्ण बाहेर आणि मधला ०.५. चारही परिमाणांवरच्या गुणांतला सर्वांत लहान तो प्रारूपातला सदस्यत्वाचा गुण. ०.९, ०.८, ०.७ आणि ०.३ असे गुण असतील तर उत्तर ०.३. सरासरी घेत नाहीत; एक कमतरता बाकीच्यांनी भरून निघत नाही.

गडबड मधल्या खुणेवर होते. खपाची मधली खूण २५० ठेवली तर २००० सालची अमेरिका (सुमारे २६४) आत, २७५ ठेवली तर बाहेर. म्हणून ती खूण आकड्यांतल्या मोठ्या पोकळीत ठेवावी आणि का ठेवली ते लिहावे. नेमका ०.५ गुण कुणालाही देऊ नका, तो देश कुठेच धरता येत नाही. अटींची (म्हणजे तपासायच्या परिमाणांची) संख्याही आवरा. चार अटींची १६ संभाव्य रूपे होतात, सहा अटींची ६४. १७ देशांत निदान ४७ रिकामी राहणारच.

प्रश्न : रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्सचा वृत्तस्वातंत्र्याचा क्रमांक वर्गीकरणात वापरता येईल? — पत्रकार, पणजी

क्रमांक वापरू नका, गुण वापरा, तोही एक निर्देशक म्हणून. २०२२ मध्ये त्यांनी पद्धत बदलून राजकीय, आर्थिक, कायदेशीर, सामाजिक-सांस्कृतिक आणि सुरक्षितता असे पाच घटक केले, त्यामुळे २०२१ आणि २०२२ची रेषा जोडणे चूक. स्वातंत्र्याची पातळी आणि व्यवस्थेचा प्रकार या वेगळ्या गोष्टी आहेत; दोन प्रारूपांतले देश सारखेच स्वतंत्र असू शकतात. लांब कालखंड हवा असेल तर व्ही-डेमचे (लोकशाही मोजणारा आंतरराष्ट्रीय संशोधन-प्रकल्प) सेन्सॉरशिप, स्वयं-सेन्सॉरशिप, पत्रकारांचा छळ, माध्यमांचा कल हे वेगवेगळे निर्देशक घ्या. त्यांत तज्ज्ञांच्या मोजपट्ट्यांतला फरक हिशेबात धरलेला असतो आणि अनिश्चिततेची मर्यादाही छापलेली असते. ती मर्यादा गाळून नुसता मधला आकडा उचलणारे लेख पुष्कळ दिसतात.

प्रश्न : मग भारत कोणत्या खणात? — अनेक वाचक

‘ध्रुवीकृत बहुलवादी’ असे उत्तर झटकन दिले जाते आणि ते अर्धेच बरोबर असते. पक्ष-माध्यम जवळीक इटलीसारखी वाटते, पण इटलीत वृत्तपत्रे मूठभर सुशिक्षितांची राहिली. मराठी, मल्याळम, हिंदी दैनिके १९८० नंतर तालुक्या-तालुक्यांत पोचली. व्यापारी बाजू उदारमतवादी प्रारूपाची, आकाशवाणी-दूरदर्शनचे नियंत्रण मात्र सरकारी धाटणीचे. प्रसार भारतीचा कायदा १९९०चा असला तरी तो अमलात आला १९९७ मध्ये आणि पैशाची दोरी आजही मंत्रालयाकडेच आहे.

आमचे मत असे, की भारत हा एक नग धरणेच चुकते. पॉला चक्रवर्ती आणि श्रीरूपा रॉय यांनी २०१३ मध्ये राज्यांच्या पातळीवर तुलना करावी असे मांडले, ते पटणारे आहे. तमिळनाडूत पक्षांच्या वाहिन्या उघडपणे पक्षांच्या आहेत. तसे चित्र सगळीकडे नाही.

पण राज्य धरले की दोन गाठी पडतात. एक, केंद्राचे नियम सर्वत्र सारखेच असतात : वृत्तपत्रांतल्या परकीय गुंतवणुकीवर २६ टक्क्यांची मर्यादा, खासगी एफएमला स्वतःच्या बातम्यांची बंदी, प्रसार भारती. या रकान्यांत सगळ्या राज्यांना एकच गुण मिळतो, प्रमाण विचलन शून्य येते आणि झेड-गुण काढताना शून्याने भागावे लागते. असे रकाने आधीच काढून टाका. ‘सॉफ्टवेअर बिघडले’ म्हणून येणाऱ्या निम्म्या तक्रारी याच असतात. दोन, बाजारपेठ राज्याची सीमा पाळत नाही. बेळगावचा ‘तरुण भारत’ राज्याने कर्नाटकात, भाषेने मराठी बाजारात, आणि त्याच्या आवृत्त्या गोवा, कोल्हापूर, सिंधुदुर्गातही. वाचक-बाजारपेठेसाठी भाषा हे एकक घ्या, सरकारी संबंधांसाठी राज्य. दोन्ही एकाच तक्त्यात कोंबू नका.

प्रश्न : सरकारी जाहिराती ‘अनुदान’ धराव्यात का? — वाचक, सातारा

नाही. नॉर्वेत १९६९ पासून आणि स्वीडनमध्ये १९७१ पासून वृत्तपत्रांना मिळणारे अनुदान ठरलेल्या निकषांवर चालते. दुबळ्या पेपराला ते मिळते आणि मंत्र्यावर टीका केली म्हणून थांबत नाही. जाहिरात कुणाला द्यायची हे जिथे अधिकाऱ्याच्या मर्जीवर आहे तिथे तोच पैसा उलटे काम करतो. रक्कम सारखी असली तरी रकाने दोन करा : ‘निकषांवर मिळणारी मदत’ आणि ‘मर्जीवर मिळणारी मदत’. आपल्याकडे केंद्राच्या जाहिरातींचे दर केंद्र ठरवून देते, पण किती जाहिराती आणि कुणाला, हे पाहायला केंद्रीय संचार ब्युरो आणि राज्याचे माहिती व जनसंपर्क महासंचालनालय यांचे पेपरनिहाय आकडे लागतात. माहितीच्या अधिकारात अर्ज करताना ‘एकूण खर्च’ मागू नका, ‘वृत्तपत्रनिहाय व महिनानिहाय रक्कम’ मागा. महिने हातात असले की सत्तांतराच्या कडा याही आकड्यांवर तपासता येतात.

प्रश्न : महाराष्ट्राचा दर हजारी खप काढतो आहे. प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा मिळतो. — संशोधक विद्यार्थी, पुणे

कारण ते तीन निरनिराळ्या गोष्टींचे आकडे आहेत. वृत्तपत्र निबंधकांचे आकडे (१ मार्च २०२४ पासून नव्या कायद्याने हे कार्यालय प्रेस रजिस्ट्रार जनरल झाले) प्रकाशकांनी स्वतः कळवलेले असतात. एबीसी (खप तपासणारी संस्था) सहामाही लेखापरीक्षण करून सरासरी विक्री देते, पण फक्त सभासद पेपरांची. आयआरएस (देशव्यापी वाचक-सर्वेक्षण) वाचक मोजते, प्रती नव्हे; करोनापासून तिच्यात खंड पडला. शिवाय तिच्यात ‘एकूण वाचक’ म्हणजे महिन्याभरात कधीतरी वाचलेले आणि ‘सरासरी अंक-वाचक’ म्हणजे काल वाचलेले. युरोपातल्या ‘रोजच्या पोहोची’शी तुलना दुसऱ्याच आकड्याची होते. पहिला घेतला तर महाराष्ट्र थेट स्कँडिनेव्हियाच्या रांगेत जाऊन बसेल.

छेदाकडेही बघा. आयआरएस १२ वर्षांवरील लोक धरते, युरोपीय तक्ते प्रौढ धरतात. जनगणना २०११ नंतर झालेली नाही, तेव्हा २०११–२०३६ च्या अधिकृत लोकसंख्या-अंदाजातून तुमच्या वर्षाचा आणि वयोगटाचा आकडा घ्या. मुंबईच्या इंग्रजी, गुजराती, हिंदी दैनिकांचा खप अंशात आहे की नाही हे तपासा. छेदात सगळे महाराष्ट्रवासी आणि अंशात फक्त मराठी पेपर असतील, तर राज्य आहे त्यापेक्षा कमी वाचणारे दिसेल.